अंबाडा घातलेल्या पारंब्या

एसटी स्टँडच्या समोर, रसवंतीगृह आणि मोबाइल दुरुस्तीच्या टपरीच्या मध्ये, एक जुना वड उभा आहे. चौघांनी हात धरले तरच बुंधा कवेत यावा एवढा. त्याच्या रस्त्याकडच्या फांदीवरून पारंब्यांचा एक घोस खाली उतरत होता, तो वडापच्या जीपच्या टपाला घासायला लागला. कुणीतरी तो घोस गोळा केला, दोनदा पिळला आणि हिरव्या प्लास्टिकच्या सुतळीनं वर फांदीलाच बांधून टाकला. नळावर जाता जाता बाईनं मोकळे केस चटकन गुंडाळावेत, तसा अंबाडा. बांधणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. उलट त्यानं कोयता चालवला नाही, हे त्याचे उपकारच. खाली पालिकेनं नुकतेच लाल-करडे पेव्हिंग ब्लॉक बसवलेत, थेट बुंध्यापर्यंत, मध्ये बोटभरही माती न ठेवता. म्हणजे तो घोस मोकळा असता तरी टेकायला त्याला जागा नव्हतीच. एवढीशीच गोष्ट. पण तो अंबाडा काही डोळ्यांपुढून हलत नाही.

पारंबीला आपण वडाची दाढी म्हणतो, जटा म्हणतो, पोरं तिचा झोका करतात. खरं तर तो त्याचा पाय आहे. आंब्या-चिंचेच्या फांद्या वर जातात, वडाची आडवी जाते. आडव्या फांदीचं वजन दर पावसाळ्यात वाढतं आणि त्या सगळ्या वजनाचा ताण खोडाशी असलेल्या सांध्यावर येतो. पारंबी उतरते ती हे ओझं वाटून घ्यायला. हवेत लोंबत असते तोवर ती दोरीसारखी, बोटाएवढी जाड. पावसाळ्यात टोकाशी कोवळी, ओलसर, फिक्कट. टोक मातीला लागलं आणि रुजलं की तिचं वागणं बदलतं. ती आखडते, तंबूच्या दोरासारखी ताठ होते, मग जाड व्हायला लागते आणि काही दशकांत तिचा खांब होतो. त्या खांबाच्या भरवशावर फांदी आणखी पुढे जाते, पुढे नवी पारंबी सोडते. जुन्या माणसांना या लाकडातला फरक ठाऊक होता. वडाचं खोडाचं लाकूड मऊ, हलकं, चुलीशिवाय फारसं कामाचं नाही. मात्र पाण्याखाली टिकतं म्हणून विहिरीच्या तळाच्या कड्याला वापरायचे. पारंबीचं लाकूड चिवट आणि लवचीक. तंबूचे खांब आणि बैलांचं जू त्याचं करत.

या पायांवर वड किती दूर जाऊ शकतो ते पाहायचं तर हावड्याच्या शिबपूर बागेतला वड आठवावा. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत तो मोडला, जखमांतून बुरशी शिरली आणि शेवटी १९२५ मध्ये त्याचा मूळ बुंधाच काढून टाकावा लागला. त्यानंतरही झाड उभंच आहे, हजारो पारंब्यांच्या खांबांवर, आणि वाढतंही आहे. ज्याचं खोडच उरलेलं नाही असं झाड शंभर वर्षं जगतं, तेव्हा वडाचं म्हातारपण ही वर्षांची गोष्ट राहत नाही. ती जागेची गोष्ट होते. आंब्याला वय होतं, चिंचेला होतं. वडाला पुढचं पाऊल टाकायला माती मिळत गेली तर त्याचा शेवट कुठे धरायचा हेच सांगता येत नाही.

आपल्या रस्त्यांवरच्या वडांना ही माती मिळत नाही.

सुरूरहून वाईकडे वळलं की दोन्ही बाजूंच्या वडांची छत एकमेकांत मिसळलेली दिसते. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर अशी रांग होती. आता तुकडे उरलेत. या सावलीची तुलना दुसऱ्या सावलीशी होत नाही. कडुनिंबाची सावली चाळणीतून पडल्यासारखी, बाभळीची तर नावापुरती. वडाखाली ऊन गळतच नाही. मे महिन्यात डांबरावरून येणारी झळ वडाच्या हद्दीत शिरली की एका हाताच्या अंतरात निवते. दुचाकीवरच्या माणसाला ती हद्द आधी कानांच्या पाळ्यांना कळते. फाल्गुनाच्या सुमाराला जुनी पानं खाली येतात. पिंपळपान भिरभिरत येतं, वडाचं पान चामड्याच्या तुकड्यासारखं टप्पकन पडतं. मग तांबूस, चकचकीत पालवी फुटते आणि आठ-पंधरा दिवस झाड कोवळ्या तांब्याचं वाटतं. डहाळी मोडली की पांढरा चीक बोटांना चिकटतो. तो वाळला की काळा पडतो आणि साबणाला दाद देत नाही, रॉकेलच लागतं.

फळं पिकली की झाडाखाली उभी केलेली गाडी दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही. लालभडक, बिनदेठाची, पानांच्या बगलेत जोडीनं बसलेली ती फळं खायला हरियाल येतात. आपला राज्यपक्षी म्हणून पाठ्यपुस्तकात भेटतो तोच. हिरवट-पिवळा रंग पानांत असा विरघळतो की तीस-चाळीस पक्ष्यांचा थवा माथ्यावर असला तरी दिसत नाही. अर्धवट खाल्लेली फळं टपटप खाली पडायला लागली की समजायचं. तांबटाची टुकटुक, मैनांचा कलकलाट, रात्री वटवाघळांची चिरचिर. आणि फळाच्या आत एक वेगळंच जग. वडाची फुलं बाहेर दिसत नाहीत कारण ती त्या गोल फळाच्या आतल्या अंगाला असतात. त्यांचं परागण एकाच जातीचं चिलट करतं, दीड-दोन मिलिमीटरचं. मादी फळाच्या टोकाच्या खवल्यांतून आत घुसते, घुसताना पंख तुटतात, आत अंडी घालते आणि तिथेच मरते. नव्या पिढीच्या माद्या बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या हातात जेमतेम एक-दोन दिवस असतात, तेवढ्यात योग्य अवस्थेतलं फळ असलेला दुसरा वड सापडायला हवा. म्हणून तर एका भागातले सगळे वड एकाच वेळी फळत नाहीत. कुणी वैशाखात, कुणी श्रावणात, कुणी ऐन थंडीत. प्रत्येक झाडाचं पंचांग वेगळं, आणि पक्ष्यांचं वर्ष या पाळीवर चालतं. तोडलेल्या झाडांच्या यादीत फक्त आकडा येतो. वर्षाच्या कुठल्या आठवड्यात तो वड पिकत होता, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

रस्त्याकडेला वड लावण्याची चाल सम्राट अशोकाइतकी जुनी तरी आहेच. दिल्लीच्या टोपरा स्तंभावरच्या सातव्या लेखात तो सांगतो की, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून मी मार्गांवर वड लावले. 'निगोहानि' असा शब्द आहे तिथे, म्हणजे न्यग्रोध. आपल्याकडचे आज दिसणारे मोठे वड बहुतेक सडकेच्या काळातले. तेव्हा हिशेब बैलगाडीचा होता. दोन गाड्या एकमेकींना ओलांडून जातील एवढी सडक, तिच्या बाहेर जनावरांना चालायला कच्ची पट्टी आणि त्या पट्टीच्या पलीकडे झाड. वड जिथे होता तिथेच आहे. रस्ता मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी त्याच्याकडे दोन-चार फूट सरकत आला. आधी कच्ची पट्टी गेली, मग साइडपट्टी गेली आणि एक दिवस डांबर बुंध्याला टेकलं. रात्री समोरून दोन ट्रक ओव्हरटेक करत येतात, दिवे डोळ्यांवर, आणि डाव्या हाताला दीड फुटावर दोन मीटर जाडीचं लाकूड. चुना-गेरूचे पट्टे, रेडियमच्या पट्ट्या, सगळं करून झालेलं असतं. ज्याच्या घरातलं माणूस त्या बुंध्यावर आपटून गेलं, त्याच्यासमोर सावलीचं कौतुक सांगायला जीभ उचलत नाही. काही ठिकाणी झाड आणि रस्ता दोन्ही ठेवता येत नाहीत, हे मान्य करायला हवं. पण ही 'काही ठिकाणं' खूप कमी आहेत. बाकीचे वड करवतीनं मरत नाहीत.

ते मरतात जमिनीखाली, आणि मरायला लागल्यापासून पडेपर्यंत मध्ये तीन-चार वर्षं जातात.

झाडाची मुळं म्हणजे माथ्याचं उलटं प्रतिबिंब, जेवढं वर तेवढं खाली, अशी आपली समजूत असते. ती चूक आहे. पाणी आणि अन्न घेणारी बारीक मुळं बहुतांश वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात, कारण हवा तिथवरच पोचते. आडवी मात्र ती माथ्याच्या घेराच्या कितीतरी बाहेर गेलेली असतात. वीस मीटर पसाऱ्याच्या वडाची मुळं समोरच्या दुकानांच्या ओट्याखाली सहज पोचतात. आता वर्ष-दोन वर्षांतली कामं पाहा. उन्हाळ्यात पाइपलाइन येते, बुंध्यापासून चार फुटांवर तीन फूट खोल चर. दिवाळीनंतर गटार, त्याच बाजूला. पुढच्या वर्षी केबलवाले, दुसऱ्या बाजूला. प्रत्येक काम गरजेचं, प्रत्येकाला परवानगी, आणि जेसीबीच्या बादलीत निघालेलं मांडीएवढं मूळ हे झाडाचं मूळ आहे असं कुणालाच वाटत नाही, कारण झाड तर वर हिरवंगार उभं असतं. साठवलेल्या अन्नावर ते पहिलं वर्ष काढतं. दुसऱ्या वर्षी पालवी येते पण पानं लहान राहतात. मग शेंडे वाळतात, माथ्यातून आभाळ दिसायला लागतं. हे पहिलं लक्षण ओळखायचं असेल तर फाल्गुनात नव्या पानावर तळहात ठेवावा. वडाचं निरोगी पान तळहात झाकतं. ते बोटांच्या पेरांपाशीच संपत असेल तर खाली काहीतरी बिनसलंय. चौथ्या वर्षी वळवाच्या पावसात झाड आडवं होतं आणि पंचनाम्यात 'वादळामुळे' असं लिहिलं जातं.

चर नसेल तर भराव. रस्त्याची उंची वाढवताना बुंध्याभोवती फूट-दीड फूट मुरूम टाकून रोलर फिरवतात. दाबलेल्या भरावाखाली मुळांना हवा मिळत नाही, साल मातीत गाडली गेली की कुजते. झाड भरावात गेलंय का ते सोप्या खुणेनं कळतं. निरोगी वडाचा बुंधा जमिनीपाशी रुंदावत, पसरट होत मातीत शिरतो. विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसलेला दिसला तर त्याचा पाय गाडलेला आहे.

पाराचंही तेच झालं. जुना पार घडीव किंवा अनगड दगडांचा, चुना-माती न घालता रचलेला, कमरेएवढा. आत माती, दगडांच्या फटींतून पाणी झिरपायचं, फटीत विंचू निघायचे हे खरं, पण मुळं श्वास घ्यायची. बैठक मोडली तर दोन दगड परत रचले की झालं. आता पार म्हणजे आरसीसीची गोल भिंत. तिचा पाया खणतानाच गोलाकार मुळं तुटतात. वर कोटा फरशी किंवा चकचकीत टाइल्स, फरशी आणि बुंधा यांच्यामधली फट सिमेंटनं बुजवलेली, आणि दर्शनी बाजूला काळ्या ग्रॅनाइटवर सौजन्य कुणाचं ते. ज्येष्ठ पौर्णिमेला बायका येतात, सूत गुंडाळतात, पूजा करतात, तांब्याभर पाणी घालतात. ते पाणी टाइल्सवरून ओघळत गटारात जातं. ज्यांना वडापर्यंत जाणं होत नाही त्या बाजारातून फांदी आणतात. ती फांदी कुणीतरी कुठल्यातरी वडावरून भल्या पहाटे ओरबाडलेली असते. याबद्दल दरवर्षी लिहिलं जातं, हसलं जातं. फांदीनं वड मरत नाही. टाइल्सनं मरतो.

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड पुष्कळांना आठवत असेल. रत्नागिरी–सोलापूर महामार्गाच्या आड येणारा, चारशे वर्षांचा सांगितला जाणारा, यल्लमाच्या देवळाजवळचा. २०२० च्या जुलैमध्ये, टाळेबंदीच्या काळात, लोकांनी तो लावून धरला आणि रस्ता थोडा वळवायचं ठरलं. झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग वाकतो ही बातमी त्या वर्षात तरी फार गोड वाटली. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, तो वड कोसळला. नेमकं कशानं, याची छाननी इथे करायची नाही. इतक्या जुन्या झाडाला पडायला एकच कारण क्वचित लागतं. पण या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की एक प्रश्न उरतो. आपण वाचवतो म्हणजे नक्की काय वाचवतो? नकाशावर बुंध्याभोवती एक वर्तुळ काढतो. वडाचा बुंधा हा वडाचा फार लहान भाग आहे.

आणि जे हिरवं दिसतं तेही जपण्याच्या नावाखाली बिघडवलं जातं. वाहिनीला फांद्या लागतात म्हणून वीजवाले एकाच बाजूनं झाड सोलतात. सगळा तोल विरुद्ध बाजूला जातो आणि पुढच्या वादळात झाड तिकडेच पडतं. मोठी फांदी उतरवायची तर तीन काप लागतात. पहिला खोडापासून हातभर दूर, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. तिसरा खोडाजवळ, पण खोडाला सपाट नव्हे, फांदीच्या मुळाशी जी सुरकुतलेली फुगीर कड असते ती राखून. जखम भरते ती त्या कडेतून. प्रत्यक्षात वरून एकच काप, मग फांदी चर्रकन फाटत येते आणि खोडावर दोन हात लांब ओली जखम राहते. कापल्यावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचे, पत्र्याच्या डब्यात कधीच नाही. स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून पाहायची. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी वापरून संपवायची. हे न करता ऑइलपेंट फासतात, तोच डबा बुंध्यावर झाडाचा नंबर घालायलाही वापरतात. ढोलीत सिमेंट भरणं हा आणखी एक जुना उपाय. झाड वाऱ्यानं हलतं, सिमेंट हलत नाही, दोघांमध्ये फट पडते, फटीत पाणी साचतं आणि बाहेरून ठणठणीत दिसणारं खोड आतून वेगानं कुजतं. पोकळ वड म्हणजे मेलेला वड असं नसतं. पोकळीभोवतीचं सकस लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेपर्यंत नळीसारखं खोड भक्कम असतं. लाकडी मोगरीनं चौफेर ठोकून आवाज ऐकत गेलं की अंदाज येतो. घाबरायचं ते बुंध्याच्या अगदी तळाशी, पावसाळ्यात उगवणाऱ्या लाकडासारख्या टणक अळंबीला. ती मुळं कुजल्याची पावती असते.

कायद्याची बाजू थोडक्यात. शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं, आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायला सांगितलं. कल्पना चांगली. पण वडाचं वय काढायचं कसं? सागाच्या खोडात दिसतात तशी स्वच्छ वार्षिक वलयं वडात मिळत नाहीत. घेर मोजायचा तर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, पट्टी लावायची. वडाला त्या उंचीवर एकमेकांत मुरलेल्या सात पारंब्या असतात. कुणी सगळ्यांना मिळून पट्टी लावतं, कुणी फक्त मधल्या खोडाला. एकाच झाडाची दोन वयं निघतात, शंभर वर्षांच्या फरकानं, आणि खर्च कुणाच्या माथी पडणार त्यावर कुठलं स्वीकारायचं ते ठरतं. शहराबाहेर तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, आंबा, चिंच, जांभूळ अशी नावं आहेत. लाकडाला नाहीतर फळाला भाव असलेली. वड त्यात नाही. त्याच्यापासून मिळते ती सावली, आणि सावली मोजून विकता येत नाही.

मग येतं पुनर्रोपण. हा शब्द उच्चारला की विरोध निम्मा होतो. खरं पुनर्रोपण करायचं तर काही महिने आधी झाडाभोवती निम्म्या घेरात चर घेऊन मुळं छाटायची, चरात शेणखत-माती भरून ओलं ठेवायचं, नवी मुळं फुटली की उरलेला घेर, आणि मग पावसाच्या तोंडावर हलवायचं. मुळांभोवतीचा मातीचा गोळा तीन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल धरला तरी तो दहा-साडेदहा घनमीटर भरतो; वजन सतरा-अठरा टन, झाड वेगळं. आणि मीटरभर जाडीच्या खोडाला हा गोळासुद्धा फार लहान. म्हणून प्रत्यक्षात काय होतं, तर सगळ्या फांद्या उडवून, पारंब्या कापून, मुळं जेसीबीनं तोडून उरलेला ओंडका दूर कुठेतरी गायरानात पुरतात. महिनाभरात त्याला पोपटी धुमारे फुटतात आणि फोटो छापून येतात. ते धुमारे खोडातल्या साठ्यावर आलेले असतात. खाली मूळ फुटलंय की नाही ते पुढच्या उन्हाळ्यात कळतं, तेव्हा टँकर यायचा थांबलेला असतो आणि फोटोवालेही. वडात जीव दांडगा म्हणून काही जगतात, हेही सांगायला हवं. पण जगलं तरी ते सावलीचं झाड राहत नाही. इथल्या सावलीची भरपाई तिथल्या ओंडक्यानं दाखवणं म्हणजे वडाची साल पिंपळाला.

त्यापेक्षा जुनी रीत सोपी होती. उन्हाळा संपता संपता मनगटापेक्षा जाड, सात-आठ फुटांची सरळ फांदी निवडायची, पानं काढून सावलीत ठेवायची म्हणजे चीक थांबतो. खालचा काप तिरका, वरच्या टोकाला शेण-मातीचा गोळा. दोन फूट खोल रोवून माती पायानं घट्ट दाबायची, कारण फांदी खड्ड्यात हलली की फुटलेली मुळं तुटतात. बहुतेक खुंट यानंच मरतात. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कारण शेळीला वडाचा पाला फार प्रिय. इथेही पहिल्या पालवीवर विश्वास नाही ठेवायचा. दुसरा उन्हाळा काढला तर झाड. उंच खुंट लावायचं कारण एवढंच की कोवळा शेंडा जनावराच्या तोंडाला लागू नये. बियांपासून वाढलेल्या रोपाला खोल सोटमूळ मिळतं, खुंटाला नाही. म्हणून अशा झाडाला सुरुवातीपासून पारंब्यांची जास्त गरज. आजच्या रस्त्यांवरच्या वडांत असे खुंटाचे वड पुष्कळ असावेत. आडव्या फांदीचे, सोटमुळाविना, पारंबीच्या भरवशावर मोठे झालेले.

आणि आपण त्यांच्या पारंब्या बांधतो.

तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा जुना वड आहे. त्याच्या फांद्या वाळवीनं पोखरून पडायला लागल्या, तेव्हा २०१८ मध्ये त्याला सलाइनच्या बाटल्यांतून क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचं पातळ द्रावण थेंबथेंब दिलं गेलं. ते फोटो सगळीकडे फिरले. त्याच उपचारातली दुसरी गोष्ट कमी बोलली गेली: पारंब्यांभोवती नळ्या बसवून त्यांना जमिनीपर्यंत वाट करून दिली. हे कुठल्याही गावात जमण्यासारखं आहे. चार इंची पीव्हीसी नळी उभी चिरायची, किंवा जाड कळक दुभागून आतल्या गाठी फोडायच्या. आत काथ्याचा भुसा आणि कुजलेलं शेणखत, मधून पारंबीचं टोक, वर पुन्हा नळी मिटवून तारेनं नव्हे तर सुतळीनं बांधायची. खाली दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात चांगली माती. दर दोन-तीन दिवसांनी वरून तांब्याभर पाणी. रस्त्यावर वाहनांना अडणार नाहीत अशा, फुटपाथच्या बाजूच्या दोन-तीन पारंब्याच निवडायच्या. सगळ्या उतरवायची गरज नसते. टोक मातीला लागून जोर धरला की नळी काढून घ्यायची, विसरायची नाही, नाहीतर जाड होताना पारंबीला ती काचते.

एसटी स्टँडसमोरच्या त्या वडाला फुटपाथच्या अंगाला अशी जागा आहे. रसवंतीच्या घाण्यापासून बुंध्यापर्यंत बारा ब्लॉकची रांग, त्यातले नऊ उचलले तरी जाणाऱ्या-येणाऱ्याला अडचण नाही. आणि हिरवी सुतळी सोडायला शिडी लागेल, फक्त शिडी. गेल्या पावसात अंबाड्याच्या आतून नवी मुळं फुटली. सुतळीच्या वेढ्यांमधून चार-पाच टोकं बाहेर आलीत, फिक्कट गुलाबी, करंगळीएवढी, सगळी खालच्या बाजूला वळलेली. जमीन अजून नऊ-दहा फूट लांब आहे.